वस्तीतल्या सुविधांचा डिजिटल नकाशा वॉर्ड ऑफिसात कामी येईल असा कसा करायचा? (भांडुप पश्चिम)

डोंगरउतार (प्रश्न)

भांडुप पश्चिमेच्या डोंगरउतारावर, खिंडीपाडा-टेंभीपाडा बाजूच्या एका पट्ट्याचा सुविधा-नकाशा करायचा आहे. साधारण हजार-बाराशे घरं. नोंदवायच्या चारच गोष्टी: सार्वजनिक शौचालयं, सामायिक नळ, गटारं तुंबण्याच्या जागा आणि बंद दिवे. काम करणाऱ्या बचत गटातल्या दहा-बारा जणी आणि कॉलेजची पाच-सहा मुलं. सगळ्यांकडे साधे ॲन्ड्रॉइड फोन, लॅपटॉप दोन, पैसे जेमतेम प्रिंटपुरते.

कोबोटूलबॉक्समध्ये (फोनवर नोंदी भरायचं साधन) फॉर्म करून चाळीस ठिकाणांची चाचणी घेतली. एकाच शौचालयाची तीन जणींनी केलेली नोंद तीन जागी पडली, एकमेकींपासून वीस-पंचवीस मीटर लांब. तिथून उतरवलेली सीएसव्ही (नोंदींची साधी मजकूर फाईल) एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं. तीच फाईल नकाशावर टाकली तर सगळी टिंबं नॉर्वेच्या वरच्या समुद्रात. आणि गल्लीत फोन घेऊन उभं राहिलं की दर तिसऱ्या दारी एकच प्रश्न: ‘कसला सर्व्हे? एसआरएचा (झोपडपट्टी पुनर्वसनाचा) का?’

साधनं बदलायची का? आणि शेवटी पालिकेच्या हाती काय द्यायचं, लिंक की कागद?

टिंबरेषा

साधनं बदलू नका. नोंदीला कोबो आणि पुढच्या जुळवाजुळवीला क्यूजीआयएस (लॅपटॉपवरचं नकाशांचं सॉफ्टवेअर), एवढ्यात हे काम होतं.

समुद्रातली टिंबं म्हणजे अक्षांश-रेखांश उलटे गेलेत. मुंबई अक्षांश १९, रेखांश ७२.९ च्या आसपास. गूगल आणि कोबो अक्षांश आधी लिहितात, जिओजेसनला (नकाशाच्या फाईलचा एक प्रकार) रेखांश आधी लागतो. उलटं दिलं की ७२ उत्तर, १९ पूर्व, म्हणजे थेट नॉर्वेच्या उत्तरेला. क्यूजीआयएसमध्ये ‘डिलिमिटेड टेक्स्ट’ने फाईल आणताना एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश, हे लॅपटॉपवर चिकटवून ठेवा.

मराठीचं म्हणाल तर फाईल चांगली आहे, एक्सेल ती चुकीच्या संकेतात वाचतंय. डबल क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा, किंवा कोबोतून थेट एक्सेलचीच फाईल उतरवा. खरा धोका पुढे आहे: चिन्हं दिसणारी ती फाईल कुणी तशीच ‘सेव्ह’ केली की मूळ अक्षरं कायमची जाऊ शकतात. उतरवलेली पहिली फाईल वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि तिला हात लावू नका.

नकाशाची फाईल साठवताना शेपफाईल या जुन्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका, जिओपॅकेज वापरा. शेपफाईलमध्ये मजकुराच्या रकान्याला २५४ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. म्हणजे ८४ चिन्हांनंतर शेरा मध्येच तुटतो. रकान्याच्या नावाला तर १०च बाइट, त्यात ‘शौचालय’ हा शब्दही मावत नाही. म्हणून फॉर्ममध्ये रकान्यांची आतली नावं छोटी आणि इंग्रजी ठेवा, बायकांना दिसणारं लेबल पूर्ण मराठीत.

मराठी लिहिण्यातली आणखी एक अडचण फारसं कुणी सांगत नाही. ‘ॲ’ हे एकसंध अक्षरही असतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही टाइप होतं. ‘पायऱ्या’तला ऱ्य दोन पद्धतींनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे शब्द. मग ‘पायऱ्यांजवळ’ शोधलं की निम्म्या नोंदी हातीच लागत नाहीत. कुणी संडास लिहितं, कुणी टॉयलेट. त्यामुळे गल्ली, चाळ, सुविधेचा प्रकार यांतलं काहीही टाइप करायला लावू नका, यादीतून निवडायला द्या. मोकळा मजकूर फक्त शेवटच्या शेऱ्यात. सीट किती, चालू किती, हे प्रश्न ‘इंटिजर’ (पूर्णांक) प्रकाराचे ठेवा. मजकुराच्या रकान्यात एकीने १२ आणि दुसरीने इंग्रजी अंकांत तेच लिहिलं तर बेरीज चुकते.

आता वीस-पंचवीस मीटरचं. फोनवर ‘अचूकता ५ मीटर’ दिसतं, त्याचा अर्थ ॲन्ड्रॉइडमध्ये ६८ टक्के खात्रीचं वर्तुळ. म्हणजे सरासरी तीनातली एक नोंद त्या वर्तुळाबाहेर पडते. त्यात तुमच्याकडे तीन-चार फुटांची गल्ली, दोन्ही अंगांना पोटमाळ्याची घरं, वर पत्रा आणि एका बाजूला डोंगराने झाकलेलं आकाश. उपग्रहाचा संकेत थेट न येता भिंतीवर-पत्र्यावर आपटून येतो, जास्त अंतर कापून, आणि फोन ते अंतर खरं मानतो. गल्लीत कितीही वेळ उभं राहिलं तरी हे पूर्ण जात नाही.

दोन उपाय एकत्र करा. मोकळ्या जागी (रस्ता, मैदान, शौचालयासमोरचा चौक) जीपीएस घ्या. फॉर्ममध्ये ‘कॅप्चर-ॲक्युरसी’ १० ठेवा, म्हणजे अचूकता १० मीटरांच्या आत आली की जागा आपोआप टिपली जाते, आणि तोवर थांबायला सांगा. गल्लीच्या आत जीपीएस सोडा. जिओपॉइंटच्या (जागा विचारणाऱ्या) प्रश्नाला ‘प्लेसमेंट-मॅप’ हे अपिअरन्स (प्रश्न दिसण्याची पद्धत) दिलंत की नकाशा उघडतो आणि छपरं ओळखून बोटाने जागा धरता येते. बचत गटातल्या बायकांना आपली छपरं बरोबर ओळखता येतात, हे जीपीएसपेक्षा भरवशाचं आहे. नेट जातं-येतं, म्हणून पट्ट्याचा नकाशा क्यूजीआयएसमधून एमबीटाइल्स (नेटशिवाय चालणारी, नकाशाच्या तुकड्यांची म्हणजे टाइल्सची फाईल) करून आधीच फोनात टाका. ओपनस्ट्रीटमॅपच्या (स्वयंसेवकांनी बनवलेला खुला नकाशा) सर्व्हरवरून ठोकाने टाइल्स उतरवायला मनाई आहे. त्यांचा डेटा घेऊन टाइल्स स्वतः बनवा.

उपग्रहचित्रही जागेवर नसतं. सपाटीवर ते दोन-चार मीटर सरकतं, उतारावर त्याहून जास्त, आणि दोन कंपन्यांची चित्रं दोन दिशांना. एकच चित्र निवडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. सगळं सारखंच सरकलं तर चालतं; अर्धं एका चित्रावर आणि अर्धं दुसऱ्यावर झालं की नळ गटाराच्या पलीकडे जातो.

आणि तीन जणींच्या तीन नोंदी झाल्याच का? कारण प्रत्येक नोंदीबरोबर जागा नव्याने घेतली गेली. जागा एकदाच घ्यायची, स्थिती वारंवार. एक जोडी आधी सगळ्या शौचालयांना, नळांना, चेंबरांना क्रमांक देईल: शौ-०१, नळ-१४ असे. पुढच्या सगळ्या नोंदींत तो क्रमांक यादीतून निवडायचा, तारीख आपोआप पडते. तीन महिन्यांनी शौ-०१ च्या चार तारखांच्या चार स्थिती एकाखाली एक दिसतात. पालिकेसमोर वजन पडतं ते त्याचं.

खुणेचा_दगड

दोन छोट्या गोष्टी जोडतो.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका. पाठवताना फोटोतली स्थानाची माहिती गळून पडते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटोवरच अक्षांश-रेखांश छापणारी ॲप लोकप्रिय आहेत, पण ते आकडे चित्रात गेलेले असतात. दोनशे फोटोंचे आकडे पुन्हा हाताने उतरवावे लागतील. फॉर्ममधूनच फोटो घ्या आणि ‘मॅक्स-पिक्सेल्स’ १०२४ ठेवा. झाकण फुटलंय हे तेवढ्यात दिसतं आणि डेटा पॅक पुरतो.

कागदावर जागा लिहायला प्लस कोड (गूगल नकाशावर दिसणारे जागेचे छोटे कोड) बरे, पण त्यांची मर्यादा ओळखून. नेहमीचा दहा अक्षरी कोड साधारण १४ मीटर बाजूचा चौकोन दाखवतो, त्यात तुमच्याकडे तीन-चार घरं बसतील. अकरावं अक्षर घेतलं की चौकोन तीन-साडेतीन मीटरचा होतो. आणि कोड पूर्ण लिहा. उपनगरांत तो सात-जे-एफ-जे ने सुरू होतो, पण १९ अक्षांशाची रेषा लोअर परळ-प्रभादेवीच्या मधून जाते आणि तिच्या दक्षिणेला सुरुवात सात-जे-सी-जे होते. भांडुपला याचा त्रास नाही, मात्र हाच फॉर्म कुणी वरळीत वापरला तर होईल.

आवकजावक

लिंक की कागद, याचं उत्तर: कागद. लिंक त्या कागदावर क्यूआर म्हणून छापा.

याचं कारण कामाच्या वाटणीत आहे. तुमच्या चार गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर जातात. वस्तीतल्या लहान गटारांची सफाई सहसा घनकचरा व्यवस्थापनाकडे, तुटलेल्या गटाराची दुरुस्ती परिरक्षण विभागाकडे, मोठा नाला पर्जन्य जलवाहिन्या विभागाकडे, मलवाहिनीचं चेंबर मलनिःसारणाकडे, नळ जल अभियंत्यांच्या खात्याकडे. दिवे तर भांडुपमध्ये महावितरणकडे आहेत. शहर विभागात बेस्ट आणि बऱ्याच उपनगरांत अदानी. चार रंगांची टिंबं असलेला एक सुंदर नकाशा दिलात तर प्रत्येक अभियंता बाकीच्या तीन रंगांकडे बोट दाखवू शकतो. म्हणून फॉर्ममध्ये ‘जबाबदार खातं’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा आणि शेवटी नकाशा खात्यावार फाडा. एका खात्याला एकच ए-३ पान: वर त्याच्यापुरता नकाशा, खाली तक्ता. तक्त्यात क्रमांक, जवळची खूण, काय बिघडलंय, पहिली नोंद, शेवटची नोंद, फोटो क्रमांक. ओळी चालत जाण्याच्या क्रमाने लावा, म्हणजे दुय्यम अभियंत्याला तोच कागद घेऊन गल्ली चढता येते. अकारविल्हे यादी त्याच्या काही कामाची नाही.

शौचालयाच्या बाबतीत तर ते कुणी बांधलं आणि आज कोण चालवतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काही पालिकेने बांधलेली, काही म्हाडाने, काही आमदार-खासदार निधीतून. चालवणारी वस्तीतली संस्था किंवा कंत्राटदार. दर्शनी भिंतीवरच्या पाटीचा फोटो फॉर्ममध्ये सक्तीचा करा, त्यावर निधी आणि वर्ष मिळतं. बाकी नोंदी: पुरुष-स्त्रिया वेगळ्या सीट, त्यातल्या चालू किती, आतून कडी, दिवा, पाणी, मैला मलवाहिनीत जातो की सेप्टिक टाकीत, टाकी शेवटची कधी उपसली, रात्री किती वाजता कुलूप लागतं, पैसे किती. स्वच्छ भारत अभियानाच्या (नागरी) मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे १ आणि २५ स्त्रियांमागे १ सीट हे प्रमाण आहे. एका शौचालयावर ७०० पुरुष आणि ७०० स्त्रिया अवलंबून असतील तर २० आणि २८ सीट हव्यात. तक्त्यात ‘हव्यात’, ‘आहेत’, ‘चालू आहेत’ असे तीन आकडे शेजारी शेजारी द्या. ‘खूप गैरसोय होते’ या वाक्याला फाईलमध्ये जागा नसते, या तीन आकड्यांना असते.

जमिनीचा थर विसरू नका, डोंगरउतारावर सगळ्या गोष्टी तिथेच अडतात. पट्ट्याचा काही भाग कलेक्टरचा, काही खाजगी, काही वनखात्याचा निघू शकतो. वनजमिनीवर पक्कं बांधकाम म्हटलं की १९८० च्या वन कायद्याखालची परवानगी आली. पालिकेच्या जीआयएस पोर्टलवर विकास आराखडा २०३४ बघता येतो, त्यावरून सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) आणि आरक्षणं वाचा आणि तुमच्या टिंबांना तो नंबर जोडा. ‘जागा आमची नाही’ हे उत्तर मिळालं तर ते लेखी घ्या, म्हणजे पुढचा अर्ज कुणाला करायचा ते कळतं.

हद्दींचंही सांगतो. प्रशासकीय विभाग (तुमचा एस) आणि निवडणुकीचे २२७ प्रभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटामीट या खुल्या डेटाच्या गटातल्या स्वयंसेवकांनी मुंबईच्या हद्दी मोकळ्या ठेवल्या आहेत, पण फाईल कुठल्या वर्षाची ते आधी बघा. नेटवर २०१७ ची प्रभागरचना सहज सापडते आणि २०२५ मध्ये रचना नव्याने झाली. जुन्या हद्दीवर नगरसेवकाचं नाव लिहून नेलंत तर पहिल्याच भेटीत कागदावरचा विश्वास जातो.

पालिकेची स्वतःची यादी माहिती अधिकारात मागवा: विभागातल्या सार्वजनिक शौचालयांची ठिकाणं, सीट, बांधणारी यंत्रणा, देखभाल करणारी संस्था. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात ‘एक्सेल स्वरूपात’ असं स्पष्ट लिहा आणि कलम ७(९) चा उल्लेख करा. मागितलेल्या स्वरूपात माहिती सामान्यतः द्यावी असं ते सांगतं. मग तुमची यादी आणि त्यांची यादी क्रमांकावार जुळवा. यादीत आहे पण जागेवर नाही, जागेवर आहे पण यादीत नाही, दोन्हीकडे आहे पण सीट जुळत नाहीत: यातूनच बैठकीचा विषय ठरतो.

पत्र सहाय्यक आयुक्तांच्या नावे, प्रती संबंधित खात्यांना. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तो क्रमांक परत नकाशाच्या तक्त्यात भरा, म्हणजे कोणत्या टिंबाचा अर्ज कुठे आहे ते दिसतं.

वेळेचंही बघा. नालेसफाई दरवर्षी ३१ मे डोळ्यांसमोर ठेवून चालते, त्यामुळे तुंबण्याच्या जागांचा कागद मार्चच्या आत पोचायला हवा. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. नवीन शौचालय, संरक्षक भिंत असली मोठी मागणी त्याच्या तीन-चार महिने आधी द्या. जूनमध्ये दिलेला उत्तम नकाशाही त्या वर्षाच्या कामांत बसत नाही.

डोंगरउतार

खूप उपयोग झाला, आभार. क्रमांक द्यायचं काम आधी करतो.

अजून तीन शंका. शौचालय ‘किती लांब’ हे कसं दाखवायचं? सरळ रेषेत साठ मीटर, पण मध्ये नाला आणि वर जिना. दुसरं, फुकट मिळणाऱ्या उंचीच्या डेटावरून पाणी कुठे साचेल ते काढता येईल का? तिसरं, एसआरएच्या भीतीचं काय करायचं?

पायवाट

अंतरासाठी वर्तुळं काढू नका, तुमच्या जमिनीवर ती दिशाभूल करतात. आधी गल्ल्या आणि जिने रेषा म्हणून काढा. क्यूजीआयएसमध्ये काढताना स्नॅपिंग (रेषेचं टोक जवळच्या रेषेला आपोआप चिकटणं) चालू ठेवा आणि जिथे दोन गल्ल्या मिळतात तिथे दोन्ही रेषांना सामायिक बिंदू द्या. रेषा नुसती दुसरीवरून गेली तर तिथे वळता येतं हे संगणकाला कळत नाही, आणि अर्धी वस्ती शौचालयापासून तुटलेली दिसते. प्रत्येक रेषेला वेगाचा रकाना द्या: सपाट गल्लीला ताशी ४ किलोमीटर, जिन्याला २. मग ‘सर्व्हिस एरिया’ हे साधन ‘फास्टेस्ट’ निवडून चालवा. पाच मिनिटांत पोचता येणाऱ्या गल्ल्या एका रंगात येतात, उरलेल्या वेगळ्या उठून दिसतात. हे आकडे अंदाजाचे आहेत, म्हणून दोन-तीन वाटा घड्याळ लावून प्रत्यक्ष चाला, एकदा एखाद्या आजीच्या चालीने, आणि वेग दुरुस्त करा. रात्री कुलूप लागणारी शौचालयं वगळून तोच नकाशा दुसऱ्यांदा काढा. दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन नकाशे शेजारी ठेवले की बायकांची अडचण समजावून सांगावी लागत नाही.

उंचीच्या डेटाचा नाद सोडा. फुकट मिळतो त्याचा एक चौकोन ३० मीटरचा आणि उंचीतली चूक काही मीटरची. तुमचं पाणी घोट्यापासून कमरेपर्यंतचं. त्यातून तो डेटा छपराची उंची जमिनीची समजतो. पालिकेचे जुने नकाशे मिळाले तरी सांभाळून: त्यांतल्या लेव्हल टाउन हॉल डेटमवर (मुंबईची स्वतःची शून्य पातळी) असतात, समुद्रसपाटीवरून नव्हे, आणि फरक वीसहून अधिक मीटरचा आहे. दोन्ही एकत्र केलेत तर हिशोब पार कोसळतो. त्यापेक्षा माणसांना विचारा. गेल्या पावसात पाणी कुठवर आलं, ते भिंतीवर दाखवायला सांगा, टेपने जमिनीपासून सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि किती तासांनी ओसरलं तेही लिहा. डोंगरावर साचण्याइतकंच वाहण्याकडे लक्ष द्या: कुठल्या जिन्यावरून लोंढा येतो, कुठली संरक्षक भिंत फुगली आहे, तिची पाणी जाण्याची भोकं बुजली आहेत का. फुगलेल्या भिंतीची नोंद पुढच्या बैठकीसाठी ठेवू नका, पालिकेच्या १९१६ वर त्याच दिवशी कळवा.

समाजमंदिर

भीतीबद्दल लिहिते, कारण हे चुकलं तर बाकी सगळं वाया.

लोकांचा प्रश्न रास्त आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात घराचा निकाल तारखेवर लागतो: १ जानेवारी २००० पर्यंतचे मोफत घराला पात्र, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. परिशिष्ट-२ मध्ये (पात्रता ठरवणारी यादी) नाव आलं की नाही यावर घर राहतं किंवा जातं. अशा ठिकाणी फोन घेऊन दारात उभी राहिलेली व्यक्ती म्हणजे धोका, हे अनुभवाचं शहाणपण आहे. त्यावर समजूत घालण्यापेक्षा कामाची पद्धतच अशी ठेवा की घर मोजलंच जाणार नाही. दार वाजवायचं नाही. घराची हद्द काढायची नाही. नाव, आधार, रेशन कार्ड, मीटर क्रमांक, राहण्याचं वर्ष यातलं काही फॉर्ममध्येच नको. फोटोत चेहरा आणि घराचा दरवाजा नको. अवलंबून असलेली माणसं मोजायची तर गल्लीमागे अंदाज घ्या, घरामागे नको. मग ‘आम्ही फक्त संडास, नळ, गटार आणि दिवा लिहितो’ हे वाक्य खरं असतं, आणि विचारणाऱ्याला फोनवर फॉर्म उघडून दाखवता येतो.

पडद्यावरच्या नोंदीच्या आधी कागदावरची बैठक घ्या. ए-० कागदावर १:५०० प्रमाणात जवळपास ४२० बाय ५९४ मीटरचा भाग बसतो, तुमचा पट्टा दोन कागदांत येईल. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण त्यावर स्केचपेन टिकत नाही. एक मॅट कागद लिहायला, एक फ्लेक्स नंतर भिंतीवर टांगायला. खुणांना रंगीत टिकल्या वापरा. त्या उचलून पुन्हा लावता येतात, लिहिता न येणाऱ्या आजीही लावतात, आणि जागेवरून वाद झाला तर टिकली सरकते, कागद फाटत नाही. बैठकीच्या शेवटी कागदाचा सरळ वरून फोटो घ्या, टिकल्या रात्रीतून गळतात.

वेळ पाणी सुटण्याची नको, नाहीतर बायका येणारच नाहीत. आणि बायकांची बैठक वेगळी घ्या. एकत्र बैठकीत गटार आणि दिवे येतात; रात्री कुठल्या गल्लीतून जायची भीती वाटते, हे तिथे कुणी बोलत नाही. त्या वेगळ्या बैठकीतल्या भीतीच्या जागा जाहीर नकाशावर टिंब म्हणून टाकू नका. त्या जागांवर दिवा हवा, एवढीच नोंद बाहेर जाऊ दे.

तक्रार करणाऱ्याचा फोन नंबर घ्यावाच लागला तर तो वेगळ्या तक्त्यात, फक्त दोघींच्या हाती. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण त्याहीआधी शेजारधर्म आहे.

मुक्तनकाशा

एक सुचवणी: जिने, गल्ल्या, शौचालयं आणि नळ ओपनस्ट्रीटमॅपवरही टाका. जिन्याला ‘हायवे’ या टॅगखाली ‘स्टेप्स’ ही किंमत, सोबत पायऱ्यांची संख्या, शौचालय आणि पिण्याचं पाणी ‘ॲमेनिटी’खाली, मराठी नावाला वेगळा टॅग आहे. फोनवर ‘एव्हरी डोअर’ किंवा ‘स्ट्रीटकम्प्लीट’ पुरतं. उद्या रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाला वाट शोधायची झाली तर ती वाट नकाशावर असेल. गूगलवरून काहीही उतरवून घेऊ नका, परवान्यात बसत नाही. स्वतः पाहिलेलं किंवा तिथल्या संपादकात दिलेल्या उपग्रहचित्रावरून काढलेलंच टाका.

टिंबरेषा

जिने आणि गल्ल्यांना माझा पूर्ण पाठिंबा. पण ‘दिवा बंद’, ‘झाकण फुटलं’, ‘टाकी भरली’ हे तिथे टाकू नका. ती बदलती स्थिती आहे, आणि महिन्याभरात खोटी झालेली नोंद पुसायला कुणी येत नाही. ती तुमच्या जिओपॅकेजमध्ये राहू दे. लोकांना दाखवायला यूमॅपवर (ओपनस्ट्रीटमॅपवर आपली टिंबं दाखवणारी वेबसाइट) वेगळा नकाशा करा: खात्यामागे एक थर, टिंबावर बोट ठेवलं की क्रमांक, शेवटची तारीख आणि आवक क्रमांक. शेवटची नोंद ६० दिवसांपेक्षा जुनी असेल ते टिंब राखाडी करा. राखाडी टिंबं वाढली की वस्तीत पुन्हा फेरी काढायची वेळ झाली असं समजा.

अंतर मोजण्याआधी थर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम ४३ उत्तरमध्ये (अंशांऐवजी मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीत) आणा, हे वर राहून गेलं होतं. अंशांतल्या थराला ५० चं बफर (टिंबाभोवतीचा घेर) दिलं तर ते ५० अंशांचं निघतं आणि अख्खा देश झाकला जातो.

डोंगरउतार

ठरलं ते असं: या रविवारी दुपारी बायकांची बैठक, टिकल्या आणि दोन मॅट कागद. पुढच्या आठवड्यात एक जोडी क्रमांक देईल. फॉर्ममधून ‘घर क्रमांक’ काढून टाकला, ‘जबाबदार खातं’ आणि पाटीचा फोटो घातला. दिव्यांच्या खांबांना मात्र आमचे क्रमांक द्यायचे की खांबावरचेच घ्यायचे?

आवकजावक

खांबावरचेच. कंपनीच्या तक्रार नोंदीत तोच चालतो, तुमचा दि-०७ त्यांना सापडणार नाही. रंग उडून क्रमांक वाचता येत नसेल तर दोन्ही बाजूंच्या वाचता येणाऱ्या खांबांचे क्रमांक लिहा आणि ‘या दोघांच्या मधला’ असं नोंदवा. दिव्यांची फेरी संध्याकाळी साडेसातनंतर काढा आणि दोन वेगळ्या दिवशी बंद दिसला तरच ‘बंद’ लिहा. एका रात्रीचा बंद दिवा कधी कधी त्या फीडरचाच (वीज पुरवणाऱ्या लाइनचा) बिघाड असतो. सलग चार-पाच खांब बंद असतील तर प्रत्येकाची वेगळी तक्रार न करता पहिल्या आणि शेवटच्या खांबाचा क्रमांक देऊन एकच करा. अशा वेळी दोष बहुधा केबलमध्ये असतो आणि माणूस दिवे बदलायचं सामान घेऊन येऊन हात हलवत परत जातो.